जोर आणि वेग

परभणीच्या मैदानावर मी रोज सकाळी फिरायला जातो. तिथले धावण्याचे सर नव्या खेळाडूचं नाव विचारण्याआधी वजन विचारतात. दर पाच मीटरवर काठ्या रोवून मोबाइलवर प्रत्येकाची धाव टिपतात, अन् त्यावरून आणि वजनावरून कुणाचा जोर किती, वेग किती, ते मांडतात.

ताडकळसची एक मुलगी सारखी हरायची. एकदा बूट पिशवीत भरत ती म्हणाली, "सर, उद्यापासून मी येत न्हाई."

सर सगळ्यांसमोर तिच्याशेजारी मातीत बसले. "बेटा, वेग तुझ्यात लय हाय. सुरुवातीचा जोर कमी पडायलाय. अन् मी वर्षभर तुझा वेगच वाढवत बसलो. चूक माझी हाय."

दोन महिने तिनं कमरेला टायर बांधून ओढला. जिल्ह्याच्या शर्यतीत ती दुसरी आली.

मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, पण 'चूक माझी आहे' असं एकाही मुलाला कधी म्हणालो नाही.