उष्ट्या ताटातली जिलबी

"आत्ताच टोचून घे. पाहुणे आल्यावर आतबाहेर करू नको," काकू म्हणाली.

सिरसाळ्याचे लोक मला बघायला येणार होते. शाळेपासून मला डायबिटीस आहे. ताटात काय येणार ते आधी धरायचं, तेवढं इन्सुलिन टोचायचं आणि लगेच जेवायचं. जेवण लांबलं तर साखर उतरते, टोचणं चुकलं तर जिवावर बेततं. दोन भाकरी, भात, एक जिलबी, असा हिशेब मी मोरीत उभ्यानं केला आणि टोचून घेतलं. आजाराचा पत्ता पाहुण्यांना लागू द्यायचा नाही, हे घरात ठरलं होतं. आई गेल्यापासून ठरवायची ती काकू.

पाहुणे जेवायला बसले. वाढायचं मी. गप्पांत पंगत लांबत गेली. रस्सा वाढताना माझे हात थरथरायला लागले, पाठ घामानं भिजली. आत येऊन मी कुजबुजले, "काकू, साखर उतरतीय. काहीतरी खाऊ दे."

"पाहुने जेवतेत अन् तू तोंड चालवतीस? पोराची आई समोर बसलीय. दम धर."

ग्लुकोजची पुडी पर्समध्ये होती. सुई कुणाला दिसू नये म्हणून काकूनं पर्स कपाटात घालून किल्ली कमरेला लावली होती.

मुलाची आई कौतुकानं म्हणाली, "हात कसे थरथरतेत बगा. इंग्रजी शाळेत शिकली तरी लई लाजाळू हाय!"

काकू हसली. "आमच्यात पोरींना तसंच वळन हाय."

माणसं धूसर दिसायला लागली. पुरुष उठले तशी मी ताटं उचलून मोरीकडे गेले. एका ताटात अर्धी जिलबी होती, भाजीच्या तेलात बुडालेली. कुणाची ते माहीत नाही. ती खाल्ली. मग दुसऱ्या ताटातली. पाक कोपरापर्यंत ओघळला. वळले तर मुलाची आई हात धुवायला आलेली. तिनं पदर तोंडाला लावला आणि मागे फिरली.

संध्याकाळी निरोप आला. पोरगी अधाशी आहे, पाहुण्यांचं उष्टं खाते.

मी खाटेवर पडून होते. आता बोलणी बसणार, असं वाटलं. पण पर्स परत द्यायला आलेली काकू चक्क खुशीत होती.

"अधाशी म्हनले ना? म्हनू दे. आजाराचं तर न्हाई कळलं." तिनं माझ्या कपाळावरचे केस सारखे केले. "रविवारी तेलगावचे येतेत. त्या दिवशी टोचूच नको."