मिश्रीचा रकाना

आमच्या आंदर मावळात बायका तंबाखू खात नाहीत, मिश्री लावतात. तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखूच ती. पण दातांना लावायची म्हणून तिला कुणी व्यसन म्हणत नाही. लहानपणी माझ्या चुलतीची मिश्री मीच भाजायचे. धुराने ठसका लागायचा आणि काकी पडवीतून ओरडायची, "करपवू नगंस गं!" आई गेल्यावर मला वाढवलं ते तिनेच.

पुढे मी पुण्यात एका प्रयोगशाळेत लागले. कर्करोगाच्या मूळपेशी हा माझा विषय. औषध दिलं की गाठीतल्या बहुतेक पेशी मरतात, पण या मोजक्या तग धरतात आणि त्यांच्यापासून गाठ पुन्हा उभी राहते. काकीला मी सांगितलं होतं, हे हरळीसारखं असतं, मुळाचा तुकडा मातीत राहिला की पुन्हा शेतभर. म्हणून ती उगवूच द्यायची नाही. तिला ते झटकन कळलं. कळल्यावर तिने डबी उघडून बोटावर मिश्री घेतली आणि मी हसले. हसण्यासारखं त्यात काय होतं, देव जाणे.

दोन वर्षांपूर्वी मी गावच्या शाळेत तोंड तपासणीचं शिबिर भरवलं. तळेगावहून दातांचे तरुण डॉक्टर आणले. अर्जात मिश्रीचा वेगळा रकाना हवा, हा हट्ट माझाच. नुसतं तंबाखूचं विचारलं की आमच्या बायका सरळ नाही म्हणतात. डॉक्टरांनी कौतुक केलं आणि मी हवेत गेले. भाषणात ठोकून दिलं, "सुरुवात घरापासून करावी लागते. आमच्या घरातली मिश्रीची डबी मी केव्हाच फेकून दिली." समोरच सतरंजीवर काकी बसली होती. तिने पदर तोंडावर ओढून घेतला.

अर्ज मीच भरत होते. काकीचा नंबर आला तेव्हा डॉक्टर शेजारीच उभे होते. मी विचारलं, "मिश्री?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "न्हाई बा."

तिच्या हिरड्यांची काळी कड मला दिसत होती. तरी मी त्या रकान्यात 'नाही' लिहिलं. गर्दी फार होती, म्हणून डॉक्टर बॅटरी लावून तोंड फक्त 'हो' वाल्यांचं बघत होते. बाकीच्यांना ब्रश आणि पेस्ट देऊन घरी. ब्रश घेताना काकी हळूच म्हणाली, "गालात जरा झोंबतंय गं." "घरी आले की बघते," मी म्हणाले. संध्याकाळी डॉक्टरांच्याच गाडीतून मी पुण्याला निघाले, घरी गेलेच नाही. त्या दिवशी मला तिच्या काळ्या दातांची लाज वाटली होती. आता माझी वाटते, आणि ती जात नाही.

पुढच्या वर्षी भाताची झोडणी उरकली आणि चुलतभावाचा फोन आला. काकीला आमटीत कुस्करलेली भाकरीही जात नव्हती, तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. मी तिला पुण्याला आणलं. गालाचा कर्करोग निघाला. तिथले डॉक्टर म्हणाले, गाल कापावा लागेल; नुसता डाग होता तेव्हाच आल्या असत्या तर थोडक्यात भागलं असतं.

काकीने मला विचारलं, "हरळी निघंल का गं समदी?"

इतकी वर्षं मी त्याच पेशी मोजत बसले आहे. मी तिच्या खांद्यावरचा पदर सारखा केला.

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. "आजी, तुमच्या गावात कधी तपासणीचं शिबिर झालं नाही का?"

मी फाईल छातीशी धरून उभी होते. झालं होतं, मीच भरवलं होतं, एवढंच बोलायचं होतं. त्याआधी काकी बोलली. "न्हाई ओ. आमचं गाव लय आडबाजूला. कोन येतंय तितं?"

डॉक्टरांनी मान हलवली आणि तसंच लिहून घेतलं. मी फाईल पिशवीत घातली आणि काकीला हात देऊन उठवलं.

बाहेर बाकावर बसल्यावर तिने माझा हात हातात घेतला. उघडेल तेवढं तोंड उघडून हळूच विचारलं, "बराबर बोलले ना गं?"