मुलाकातीचा घसा

डॉक्टरांनी माझी जीभ कापडात धरून बाहेर ओढली, दिव्यावर कोमट केलेला लहानसा आरसा घशात घातला आणि म्हणाले, "ई म्हणा." माझ्या तोंडून नुसती हवा आली. त्यांनी दोनदा पाहिलं. मग छातीचा एक्स-रे उजेडाकडे धरून उजव्या बाजूला वर एका ढगासारख्या डागावर बोट ठेवलं.

"लॅरिंजियल ट्यूबरक्युलोसिस," ते म्हणाले. म्हणजे स्वरयंत्राचा क्षय. छातीतले जंतू थुंकीबरोबर वर येऊन आवाजाच्या पेटीला चिकटतात आणि तिथे फोड करतात. औषधं आहेत, बरा होतो, असंही ते म्हणाले. आणि मग त्यांनी विचारलं, "घरात, शेजारी, ऑफिसात, तुमच्या जवळचं कोणी खोकणारं आहे?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"नीट आठवा."

मी पुन्हा मान हलवली. हा लेख मी त्या हलवलेल्या मानेसाठी लिहितो आहे.

माझा धाकटा भाऊ मधू तेव्हा नागपूरच्या जेलमध्ये होता. कामठीच्या एका मागाच्या कारखान्यात भांडण झालं, मधूने हाती आलेला लोखंडी दांडा हाणला, समोरचा माणूस तिसऱ्या दिवशी गेला. सात वर्षांची सजा झाली. आमच्या महाल भागातल्या गल्लीत मी सांगितलं होतं की मधूला भिलाईला नोकरी लागली. जेलचा शिक्का असलेलं कार्ड पोस्टमनच्या हाती दिसू नये म्हणून मधूलाही बजावलं होतं, "पत्र टाकू नको. मी येत जाईन." त्यामुळे आम्हा दोघांत महिन्यातून एक मुलाकात, एवढाच धागा होता.

मुलाकात कशी असते, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. दोन जाळ्या असतात, त्यांच्यामध्ये दोन-तीन हातांचा बोळ, बोळातून शिपाई फेऱ्या मारतो. अलीकडे आपण दहा-पंधरा घरची माणसं, पलीकडे तितकेच कैदी, आणि वीस मिनिटं. सगळे एकदम बोलतात, म्हणून सगळे ओरडतात. कोणाचं बाळंतपण, कोणाचा वकील, कोणाची गाय, सगळं एकमेकांत मिसळतं. बाहेर येईपर्यंत प्रत्येकाचा घसा बसलेला असतो. माझाही दर महिन्याला बसायचा आणि दोन दिवसांत सुटायचा.

त्या वर्षी दिवाळीनंतर तो सुटला नाही. आठ दिवस झाले, पंधरा झाले. पुढच्या मुलाकातीला फाटकाबाहेर नेहमी भेटणाऱ्या कामठीच्या म्हातारीने पदराच्या गाठीतली खडीसाखर माझ्या हातावर ठेवली. "मुलाकातीचा घसा हाय बाबू. महा तर सहा वर्साचा हाय. ज्येष्ठमध ठेव तोंडात, उतरते."

आत मधू हसत होता. "दादा, तू बोलून राहिला का नुसतं तोंड हलवून राहिला गा?" आणि मग खोकला. जाळी धरून, वाकून खोकला. मी विचारलं तर म्हणाला, "बिडी सोडली मी. खोकला काही मले सोडत नाही." मी सांगितलं, आल्याचा तुकडा चघळ. जेलमध्ये आलं कुठून आणणार, हेही मला सुचलं नाही.

गल्लीतल्या डॉक्टरांनी विचारलं, "मास्तर आहात का? गाता का? इतका घसा कशाने ताणता?" मी कारकून. दिवसभर फायलींशी काम. खरं कारण सांगायचं तर जेल सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "भजनी मंडळात जातो." आयुष्यात मी भजनाची एक ओळ गायलेली नाही. त्यांनी भजन बंद करायला सांगितलं, गुळण्या दिल्या, आणि त्यात आणखी दोन महिने गेले. गिळताना कानापर्यंत कळ जायला लागली, संध्याकाळी अंग तापायला लागलं, विजार ढिली झाली, तेव्हा बायकोने, विमलने, मला मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं.

उपचार सांगतो, कारण वाचणाऱ्यांपैकी कोणाला उपयोग होईल. रोज स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन. बरोबर गोळ्या, त्या दीड वर्ष. आणि व्हॉइस रेस्ट, म्हणजे पूर्ण मौन. कुजबुजही नाही. कुजबुजताना स्वरयंत्र जास्त ताणलं जातं, हे मला तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, "तीन महिन्यांत एक शब्दही बोललात तर आवाज परत येईल याची हमी मी देणार नाही." विमलने पाटी-पेन्सिल आणली. माझी कपबशी वेगळी झाली. रोज सकाळी बाकावर बसून नंबर येण्याची वाट पाहायची. इंजेक्शनने कानात रातकिडे ओरडायचे. तेही डॉक्टरांना लगेच सांगा, लपवू नका.

मुलाकातीची तारीख आली. न बोलता तिथे जाऊन काय करणार, असं मी स्वतःला समजावलं. विमल म्हणाली, मी जाते. मी पाटीवर लिहिलं, "नको." तिला जेलच्या फाटकाशी कोणी पाहिलं तर? पुढच्या महिन्याची तारीखही अशीच गेली. पण खरं कारण निराळं होतं. डॉक्टरांच्या त्या प्रश्नानंतर मधूचा खोकला मला रोज ऐकू येत होता, आणि त्याच्यासमोर उभं राहण्याची माझी छाती होत नव्हती.

मग कार्ड आलं. शिक्क्यासकट. पोस्टमनने दारात उभं राहून ते उलटसुलट पाहिलं आणि विमलच्या हाती दिलं. मधूचं अक्षर चौथीतल्या पोराचं: "दादा, तू नको म्हटलं तरी लिहितो. दोन मुलाकाती झाल्या. तू आला नाही. माझं काही चुकलं असन तर सांगून जा. खोकला हाय. रात्री जास्त. काळजी करू नको."

विमलने ते दोनदा वाचलं. मग माझ्यासमोर ठेवलं. "भिलाईले दवाखाने नाहीत का हो?" ती म्हणाली. "डाक्टरले काहून नाही सांगितलं तुमी? तोंड बंद हाय, हात तर चालते ना?"

दुसऱ्या दिवशी मी पाटी घेऊन डॉक्टरांसमोर गेलो. लिहिलं: "धाकटा भाऊ. जेलमध्ये. पाच महिन्यांपासून खोकला." डॉक्टरांनी ती हाती घेतली आणि रुग्णांची गर्दी असते तिथल्या सवयीने मोठ्याने वाचली. मागच्या बाकावर आमच्या गल्लीतला शिंपी बसला होता. सगळे ऐकत होते.

डॉक्टरांना जेलचं काहीच वाटलं नाही. ते खोकल्यावर भडकले. "तुम्ही भावाला लपवलंत, तो तुमचा प्रश्न. पण खोकला का लपवलात? एकेका बराकीत किती माणसं झोपतात ठाऊक आहे? शेजाऱ्याच्या तोंडाजवळ तोंड! मी तुम्हाला विचारलं त्याला किती दिवस झाले?"

मी लिहिलं, "दोन महिने."

त्यांनी पाटी पुसली, माझ्या मांडीवर ठेवली, आणि जेलच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहायला घेतली.

मधू स्प्युटम पॉझिटिव्ह निघाला, म्हणजे थुंकीत जंतू सापडले. दोन्ही फुप्फुसांत डाग. त्याला जेलच्या इस्पितळात वेगळं ठेवलं. बराकीतल्या सगळ्यांची तपासणी झाली. मधूच्या डाव्या हाताला झोपणारा दशरथ नावाचा जन्मठेपेचा कैदी, त्यालाही निघाला. त्याला तो मधूकडून लागला का, माझ्या गप्प बसण्याच्या त्या दोन महिन्यांत लागला का, हे मी नंतर डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "ते कोणीच सांगू शकत नाही." दिलासा म्हणून म्हणाले असतील. मला तो मिळाला नाही.

इस्पितळाच्या ओसरीवर मधूची भेट मिळाली. जाळी नव्हती, दहा पावलांचं अंतर होतं आणि तोंडावर फडकं. विमल बरोबर होती. मधू इतका वाळला होता की कैद्याचा सदरा त्याच्या अंगावर लोंबत होता. मी पाटी दाखवली: "डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुझं नाव सांगितलं नाही. चूक माझी." तो ओठ हलवत अक्षर अक्षर वाचत राहिला.

"मले वाटलं तू मेला," तो म्हणाला. "मंग वाटलं, मेला असता तर वहिनीनं कळवलं असतं. म्हंजे हाय अन् येत नाही. ते जास्त लागलं."

मी पाटी खाली केली.

"रडू नको गा, घसा खराब होईन." मग विमलकडे वळून, "वहिनी, आता तरी भिलाईहून बदली करा मही." मी चकित झालो. भिलाईचं त्याला पहिल्या वर्षीच कळलं होतं, कामठीच्या त्या म्हातारीच्या, आतच असलेल्या मुलाकडून. तीन वर्षं मी जाळीपाशी उभा राहून ओरडत होतो आणि त्याने एकदाही तो विषय काढला नव्हता.

मौन संपल्यावर माझा आवाज परत आला, तो घोगरा, फाटका. तसाच राहिला. शिंप्याने गल्लीत काय सांगितलं ते सांगितलं. चार दिवस लोक बोलले, मग नळाच्या पाण्याचं भांडण निघालं. मधू सजा भोगून मागच्या वर्षी सुटला. जिना चढताना त्याला मध्ये थांबावं लागतं.

तुमचा घसा तीन आठवड्यांत सुटला नाही, तर कारण माहीत आहे असं समजू नका. दाखवा. भूक लागायला लागली, बरं वाटलं म्हणून गोळ्या बंद करू नका. आणि आपलं माणूस कुठेही असो, डॉक्टरांनी विचारलं तर त्याचं नाव घ्या. ज्या डॉक्टरांनी मला सगळ्यांसमोर झापलं, त्यांचे मी आजही मनात पाय धरतो.

दशरथ अजून आत आहे. त्याला भेटायला कोणी येत नाही, म्हणून दर महिन्याला मी जातो. औषधांनी तो सावरला, पण त्याच्या छातीची एक बाजू कायमची गेली. मी कशासाठी येतो हे त्याला ठाऊक नाही. मधूचा भाऊ म्हणून येतो, असं त्याला वाटतं, आणि दर वेळी तो माझ्याच तब्येतीची चौकशी करतो. इतके दिवस मी ती ऐकून घेतली. येत्या मुलाकातीला मी त्याला त्या दोन महिन्यांचं सांगणार आहे. हळू सांगायची तिथे सोय नाही. ओरडूनच सांगावं लागेल.