बोट सोसेल इतकं

आईच्या हातचं पीठ आता डब्याच्या तळाशी तीन-चार चिमटी उरलंय. मोड आलेली नाचणी सावलीत वाळवून दळलेलं. आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमधल्या प्रत्येक तान्ह्या बाळाच्या खिमटात तिने याची चिमूट घातली होती.

मी वागळे इस्टेटमधल्या प्रयोगशाळेत एन्झाइम तपासते. कुठलं किती तापमानाला निकामी होतं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. घरी मात्र माझी अक्कल कुठे गेली होती कोण जाणे.

गेल्या वर्षी आई आजारी पडली. खिमटाशिवाय काही घशाखाली उतरेना, आणि घट्ट खिमटाचे जेमतेम दोन चमचे जात. पाणी घालून पातळ करावं, तर पोटात नुसतं पाणीच जाणार. वजन आणखी उतरता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलेलं. तेव्हा हे पीठ आठवलं. मोडातलं एन्झाइम स्टार्चच्या लांब साखळ्या तोडत जातं, आणि एक तोडून झाली की तसंच्या तसं दुसरीकडे वळतं. म्हणून एवढीशी चिमूट पातेलंभर खिमट सैल करते.

त्या सकाळी मला कामावर जायची घाई. रटरटत्या पातेल्यातच चिमूट टाकली. खिमट घट्टच राहिलं. आईने दोन चमचे घेऊन तोंड फिरवलं आणि मी तिच्यावरच चिडले.

"आई, खा ना गं! किती वेळ उभी राहू?"

"अगं, उकळत्यात टाकलंस ना? मेलं ते," ती हसली. "बोट सोसेल इतकं निवू दे आधी. एवढी शिकलीस, ते काय फक्त ऑफिसात वापरायला?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. रजा टाकली, पुन्हा खिमट शिजवलं, बोट लावून पाहिलं, मग चिमूट घातली. आईने वाटी संपवली. पुढचे दोन महिने रोज संपवली. तरी ती गेलीच.

तिची फार आठवण येते, स्वयंपाकघरात जास्तच. पिठात किती जोर उरलाय ते प्रयोगशाळेत तासाभरात कळलं असतं, पण डबा तिकडे न्यायला मन होईना. रविवारी मात्र राहवलं नाही. खिमट केलं, निवू दिलं, चिमूट घालून ढवळत राहिले. हळूहळू पळी हलकी झाली. पीठ अजून काम करत होतं.

मी वाटी भरली आणि आतल्या खोलीकडे वळून म्हणाले, "आई, निवलंय गं."