सात नंबरची बरणी

आकुर्डीच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला आम्ही टेबलावर ओळीनं बरण्या मांडतो. बरणीवर नुसता नंबर असतो, आतला प्राणी मुलांनी ओळखायचा. आमच्याकडे सात नंबरला कायम पेरिपॅटस, म्हणजे मखमली किडा. फॉर्मेलिनमध्ये राहून राहून तो शिजलेल्या शेवईसारखा पांढरा पडलाय. "ना धड गांडूळ, ना धड कीटक. दोघांना जोडणारा दुवा, एवढं लिहा," असं दरवर्षी सांगायचं आणि आठ नंबरकडे वळायचं, हा माझा शिरस्ता.

परवा तास संपता संपता एका मुलीनं मोबाइल माझ्यापुढे धरला. व्हिडिओत ओल्या पानांवरून एक निळसर, मऊ प्राणी चालला होता. पुढच्या दोन मिशांनी वाट चाचपत, आखूड गुबगुबीत पाय लाटेसारखे एकामागून एक उचलत.

"अळी आहे कुठलीतरी," मी पर्स उचलत ठणकावून सांगितलं. "चाकणकडे शेतात ढिगानं सापडतील असल्या."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. ती मुलगी मात्र हसली नाही. माझ्याऐवजी तीच ओशाळली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, हा आपला सात नंबर आहे."

माझे कान तापले. तिच्याकडे न बघता मी तो व्हिडिओ पुन्हा लावला. याला पाय असतात, हे मी इतकी वर्षं मुलांकडून घोकून घेतलं. तो चालत असेल, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.