टेकडीवरचं पाणी, हौदातलं पाणी

तिला सगळे वहिनी म्हणत. टेकडीच्या पायथ्याशी ऊन पाण्याचा झरा होता. त्यावरच्या न्हाणीघराची देखभाल तिच्याकडे. सकाळी दार उघडायचं, पाण्याला नमस्कार करायचा आणि ब्रश घेऊन हौदाच्या कडांवर तुटून पडायचं, हा तिचा नेम. देवाने पाणी तापवून दिलंय, आपण निदान ते स्वच्छ ठेवावं, एवढंच तिचं म्हणणं. शेवाळाचा तिला भारी तिटकारा. "हिच्या हाती चंद्र दिला तर त्याचेही डाग काढील," असं सासूबाई येईल-जाईल त्याला सांगत. सासूबाईंचे गुडघे आखडलेले. सकाळी त्या पाण्यात बसल्या की दिवसभर आपल्या पायांनी हिंडत. नाही बसल्या की बसल्या जागेवरून सगळ्या घराला पळवत.

त्या वर्षी टेकडीवरच्या खळग्यात गावाचा कचरा टाकायचं घाटत होतं. वरचा ओढा त्याच खळग्यात शिरून एका भोकात गडप व्हायचा. "ते पाणी जातं कुठे?" असं वहिनीने विचारलं की लोक हसत. "पाताळात. तुला गं कशाला त्याची काळजी?" पण तिच्या जिवाला घोर लागला होता. ते पाणी खालच्या हौदात येत असलं तर? कचऱ्याचं पाणी म्हाताऱ्यांच्या अंगावर?

शेवटी पाण्याची पाहणी करणाऱ्या बाई आल्या. चहा होईपर्यंत त्यांनी स्वयंपाकघरातच समजावून सांगितलं. "ही टेकडी चुनखडीची. पावसाचं पाणी मातीतून जाताना सोड्याच्या बाटलीत असतो तो वायू घेतं, जरासं आंबट होतं आणि फटींतून उतरताना दगड विरघळवतं." त्यांनी किटलीच्या आतला पांढरा थर नखाने खरवडला. "हा तोच दगड."

वहिनी शरमली. किटली घासायची राहिली होती.

"काही पाणी फार खोल जातं, तिथे तापतं आणि वर येतं. ते तुमचं ऊन पाणी. त्यात खळग्याचं गार पाणी मिसळतं का, ते बघायचंय. दगड खाऊन दोन्ही पाण्यांचं पोट भरलेलं असलं, तरी एकत्र आली की त्यांना पुन्हा भूक लागते. अशानेही आत गुहा तयार होतात."

"म्हणजे दोन जावा," सासूबाई म्हणाल्या. "एकेकट्या गरीब गाई. एकत्र आल्या की घर पोखरतात."

ठरलं असं: बाई संध्याकाळी खळग्यात निरुपद्रवी रंग सोडणार. न्हाणीघर बंद. वहिनीने उजाडल्यापासून तासातासाला हौदातल्या पाण्याची बाटली भरायची. "रंग बहुधा डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही. तुम्ही नुसत्या भरत राहा. बाटल्यांत तो सापडला तर कचरा थांबेल. नाही सापडला तर गाड्या सुरू."

सकाळी वहिनीने दार उघडलं, तर हौद हिरवट! शेवाळ, दुसरं काय? एवढ्या शिकलेल्या बाईंना असलं घाण पाणी बाटलीत भरून द्यायचं? तिने झऱ्याचं पाणी बाजूच्या गटारात वळवलं, हौद उपसला, दुपारपर्यंत घासघास घासला आणि मग आरशासारखं पाणी बाटल्यांत भरलं.

बाई आल्या. त्यांच्याकडे निळसर उजेडाचा दिवा होता. त्यात रंगाचा अंशही चमकतो. बाटल्या काही चमकल्या नाहीत.

"सकाळच्या बाटल्या कुठायत?"

"सकाळी पाणी हिरवं होतं हो. म्हणून आधी हौद घासला."

बाई पायरीवर मटकन बसल्या. "म्हणजे रंग आला असलाच, तर तोवर गटारातून वाहून गेला." वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. "म्हणजे मीच पुसून टाकलं?"

बाईंनी दिवा खाली ठेवताना तो कोपऱ्यातल्या बाकाकडे वळला. तिथे सासूबाई बसल्या होत्या. त्यांचा पांढरा अंबाडा पोपटासारखा हिरवागार उजळला.

"आई, तुम्ही पाण्यात उतरला होतात?"

"मी? न्हाणीघर बंद नव्हतं का?"

"केस चमकताहेत तुमचे!"

"चमकू देत की! या वयात दुसरं काय चमकायचंय?" मग आवाज खाली आला. "उतरले. तू यायच्या आधी, मागच्या दाराने. बंदची पाटी गुडघ्यांना वाचता येत नाही. आणि उतरलेच होते, तर डोकंही धुतलं."

बाईंना हसू आवरेना. त्यांनी चार केस कापून घेतले, डोकं पुसलेला टॉवेलही घेतला. "यावर निकाल देता येणार नाही. पण कचरा थांबवून पुन्हा रंग सोडायला कारण मिळालं."

दुसऱ्या खेपेला सासूबाई ब्रशवर ठाण मांडून बसल्या. हौद डोळ्यांदेखत हिरवा होत गेला. वहिनीचे हात शिवशिवत होते, तरी ती मुकाट्याने बाटल्या भरत राहिली. या वेळी बाटल्या चमकल्या. कचऱ्याची जागा बदलली आणि खळग्याला कुंपण पडलं.

कुंपण बघायला दोघी टेकडी चढल्या. सासूबाई मध्येमध्ये बसत, दगडांना नावं ठेवत. भोकाशी वाकलं की आत उतरणारं पाणी ऐकू येत होतं. वहिनीने हात जोडले.

"चल आता," सासूबाई म्हणाल्या, "नाहीतर हे आपल्या आधी घरी पोचेल."

"सावकाश चला, आई. ते पोचेल उद्या सकाळी."