कानाशी धरलेली मिरची

मिरची उचलायची, कानाशी धरून हलवायची, मगच टोपलीत टाकायची. बी खुळखुळलं तर वाळलेली, नाही वाजलं तर आत ओल. "डोळं फसवत्यात आक्का, कानाला इचारा," असं ती म्हणायची.

कोल्हापुरात आमचा चटणी कुटायचा डंक होता. उन्हाळा लागला की ती जवळच्या गडमुडशिंगी गावातून मिरची निवडायला यायची. माझी शाळा चौथीपर्यंत, तिची तेवढीही नाही. पण मला शिकवलं तिनंच. माझे डोळे मिटायला लावायची आणि एकेक मिरची कानाशी हलवायची. मी चुकले की, "कान हायती का भजी? परत!" महिनाभरात मला फरक कळायला लागला.

डंकावर नंबर लावून तुम्हीही बसला असाल. बायका तिथं काय काय विचारतात ते तुम्हाला माहीत आहे. एकदा स्कूटरवरून आलेल्या बाईनं तिच्याकडं बघत मला विचारलं, "मिरची कुणी निवडली?" प्रश्न मिरचीचा नव्हता, जातीचा होता. मी म्हणाले, "मीच." बाई गेल्यावर तिला सांगितलं, "गिऱ्हाईक आलं की मागल्या दारी बसत जा."

तिनं टोपली उचलली.

हे मी एकदाच सांगितलं. पुढं बघते तर, सायकल थांबली की ती जागची हलायची नाही. स्कूटर वाजली की टोपली घेऊन मागं. डंकाच्या दणदणाटातही तिला बरोबर ऐकू यायचं. एकदा माझा भाऊ नवी स्कूटर घेऊन आला, तरी ती उठलीच.

"अगं, माझा भाऊ हाय त्यो!"

"आवाज त्योच की."

"एवढं कुणी शिकवलं गं तुला?" मी हसत विचारलं.

"तुम्हीच की, आक्का."

ती हसत नव्हती.

तेव्हाच तिला इथं बस म्हणायला हवं होतं. जीभ वळली नाही. गिऱ्हाईक तुटायची भीती होती. पण सगळं भीतीवर ढकलणं खोटं होईल. मीसुद्धा तिच्या घरचं पाणी कधी प्याले नव्हते.

दहाएक उन्हाळे ती आली. मग एका उन्हाळ्यात आलीच नाही. चैत्र संपता संपता दारात स्कूटर थांबली आणि माझी नजर तिच्या जागेकडं गेली. जागा मोकळीच होती. स्कूटरवरून तिची लेक उतरली. ती आता शाळेत शिकवते. हातात मिरचीची पिशवी.

"आई गेली, गेल्या म्हैन्यात. ह्या तिनंच निवडून ठेवल्या हुत्या. कुटून द्या." एवढं बोलून ती घराला वळसा घालून निघाली.

"तिकडं कुठं गं?"

"आई म्हणायची, डंकावर मागल्या दारी बसायचं असतंय."

"हितं बस," मी म्हणाले. जे आईला म्हणायचं होतं ते लेकीला म्हणाले.

ती थांबली, पण बसली नाही. मी पिशवीतली एक मिरची काढून कानाशी धरली. खुळखुळली. दुसरी काढली, तीही खुळखुळली. एकेक काढत गेले, एकही ओली नव्हती.